नऊ आवाज आणि एक माजघर

माझं एक मत आहे आणि सध्या ते आमच्या घरात फारसं कुणाला पटलेलं नाही. मत असं, की एका गाण्यात कितीही ट्रॅक असोत, त्या सगळ्यांना खोली एकच द्यावी. प्रत्येक आवाजावर वेगळा रीव्हर्ब चढवू नये. प्रत्येकाने आपला थोडा वाटा एका सामाईक रीव्हर्बकडे पाठवावा, आणि मिक्सिंग करणाऱ्याने कुणी किती पाठवायचं एवढंच ठरवत बसावं.

यातलं काहीच कळलं नाही असे लोक (म्हणजे बहुतेक सगळ्या मावश्या आणि निम्मे ब्लॉगर मित्र) कृपया पळून जाऊ नका. मी सगळं सांगणार आहे. शिवाय विषय आजीच्या कॅसेटचा आहे, त्यामुळे मावश्यांना पळता येणारच नाही.

तर ती कॅसेट. १९८७ सालची, वाईच्या घरातली. भोंडला खरं तर अंगणात व्हायचा, मधे पाटावर हत्ती आणि भोवती फेर. पण त्या दिवशी परतीच्या पावसाने गाठलं आणि सगळ्याजणी पाट उचलून माजघरात आल्या. मामाने टेपरेकॉर्डर कोनाड्यात ठेवून लाल बटण दाबलं. आजी ओळ म्हणते, बाकीच्या ती उचलतात. आजीचा आवाज म्हणून आमच्याकडे आहे तो एवढाच. ती गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली.

या नवरात्रासाठी बेत असा ठरला, की आजीने ओळ म्हणायची आणि आम्ही नाती-पणत्यांनी ती उचलायची. माझ्यासकट नऊजणी. नाशिक, पुणे, बंगळूर, दुबई, टोरांटो. प्रत्येकीने कानाला हेडफोन लावून आजीबरोबर म्हणायचं आणि फोनवर रेकॉर्ड करून मला पाठवायचं. माझ्याकडे सॉफ्टवेअर आहे आणि रविवारी वेळ असतो, म्हणून जुळवाजुळव माझ्याकडे आली.

नऊ फाइली आल्या आणि त्यांच्याबरोबर नऊ घरंही आली. टोरांटोची बहीण कपाटात कोटांच्या मधे बसून गायली आहे, तिचा आवाज कापसात गुंडाळल्यासारखा. दुबईच्या हॉलमध्ये सामान कमी आणि फरशी गुळगुळीत, त्यामुळे प्रत्येक अक्षराला शेपूट. नाशिकला पंखा चालू. सगळे ट्रॅक एकावर एक ठेवून वाजवले, तर सूर जुळतात, ताल जुळतो, पण फेर काही धरला जात नाही. नऊजणी नऊ टेलिफोन बूथमध्ये उभ्या राहून गात आहेत असं वाटतं.

याचं कारण कान देतो. आपण आवाज ऐकतो तेव्हा नुसता आवाज ऐकत नाही, तो भिंतींवरून, छतावरून, जमिनीवरून परतून येतो तेही ऐकतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे तीन-साडेतीन मीटरवरच्या भिंतीला लागून परत यायला त्याला सुमारे २० मिलिसेकंद पुरतात. हे वेगळं ऐकू येत नाही, पण त्यावरून मेंदू खोली केवढी, भिंती कशाच्या, माणूस किती लांब, याचा अंदाज बांधून मोकळा होतो. या सगळ्या परतीच्या आवाजांचा मिळून जो घुमारा, तो रीव्हर्ब. सॉफ्टवेअरमध्ये तो गणिताने तयार करता येतो.

आता तो लावायचे दोन रस्ते. पहिला सोपा. प्रत्येक ट्रॅकवर एकेक रीव्हर्ब टाका. नऊ ट्रॅक, नऊ रीव्हर्ब, आणि प्रत्येकाचं 'ओलं-सुकं' प्रमाण वेगळं. (हो, सॉफ्टवेअरवाले मूळ आवाजाला ड्राय आणि घुमाऱ्याला वेट म्हणतात. भेळेसारखं.) नवीन माणूस सहसा हेच करतो, कारण आवाज निवडला की इफेक्टची जागा समोरच दिसते.

दुसरा रस्ता सेंडचा. एक वेगळा रिकामा ट्रॅक घ्यायचा आणि त्यावर एकच रीव्हर्ब ठेवायचा. मग प्रत्येक आवाजाच्या नळाला एक छोटी तोटी बसवायची. मुख्य धार जिथे जायची तिथे जातेच, तोटीतून थोडं पाणी खालच्या हौदात पडतं. हौद सगळ्यांचा एक. तोटी किती उघडायची ते प्रत्येक नळाचं वेगळं. रीपरमध्ये ट्रॅकवरचं राउटिंगचं बटण ओढून दुसऱ्या ट्रॅकवर सोडलं की तोटी बसते. एबलटन लाइव्हमध्ये त्याला रिटर्न ट्रॅक म्हणतात, क्यूबेसमध्ये एफएक्स चॅनल, लॉजिकमध्ये सेंडला बस निवडली की समोर ऑक्स आपोआप उभा राहतो. नावं वेगळी, नळकाम एकच. एक पथ्य मात्र पाळायचं: हौदावरचा रीव्हर्ब पूर्ण ओला ठेवायचा. सुका आवाज मुख्य नळातून जातोच आहे, तो हौदातूनही परत आला तर घुमारा वाढत नाही, नुसता आवाज मोठा होतो.

गंमत म्हणजे पूर्वी हा दुसरा रस्ता हाच एकमेव रस्ता होता. १९४७ साली शिकागोत बिल पटनम या ध्वनिमुद्रकाने हार्मोनिकॅट्स या माउथ ऑर्गन वाजवणाऱ्या त्रिकुटाचं 'पेग ओ माय हार्ट' मुद्रित करताना घुमाऱ्यासाठी चक्क बाथरूम वापरलं. तिथे एक स्पीकर, एक माइक. स्टुडिओतला आवाज थोडा स्पीकरमधून बाथरूममध्ये सोडायचा, तिथे घुमलेला माइकने उचलायचा आणि मूळ आवाजात मिसळायचा. पाठवणं आणि परत आणणं, सेंड आणि रिटर्न. पुढे मोठ्या स्टुडिओंनी यासाठी खास खोल्या ठेवल्या. लंडनच्या ॲबी रोडच्या स्टुडिओ दोनला अशी खोली आहे. हॉलिवूडमध्ये १९५६ साली उभ्या राहिलेल्या कॅपिटल टॉवरखाली जमिनीच्या पोटात अशा खोल्या आहेत. १९५७ मध्ये जर्मनीच्या ईएमटी कंपनीने खोलीऐवजी लोखंडी चौकटीत टांगलेला पोलादी पत्रा आणला, ईएमटी १४०. त्याचं वजन अडीचशे किलोच्या वर. असा पत्रा गायकाला एक, गिटारला एक, ड्रमला एक, असा कोण घेणार? सगळे वाद्यमेळासकट त्याच पत्र्यात जायचे. १९७६ साली त्याच कंपनीचं ईएमटी २५० हे डिजिटल यंत्र आलं, तेही काही डझनाने घेण्याजोगं नव्हतं.

आपल्याकडे तर त्याच्याही आधीची पायरी फार काळ चालली. ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओत गायक, व्हायोलिनवाले, तबलेवाले एकाच वेळी गात-वाजवत. कुणी चुकलं की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. एक हॉल, त्यामुळे एक घुमारा, विषयच संपला. त्या जुन्या गाण्यांमध्ये सगळे एकत्र असल्यासारखे का वाटतात? कारण ते एकत्र होते.

माझ्या मताचं मूळ इथे आहे. पूर्वी एकच खोली मिळायची ती नाइलाजाने. आज लॅपटॉपवर फुकटचे रीव्हर्ब डझनाने मिळतात, नाइलाज संपला, आणि नाइलाजाबरोबर जी एकी आपोआप मिळत होती तीही गेली. आता ती हवी असेल तर ठरवून आणावी लागते. सामाईक रीव्हर्ब म्हणजे ते ठरवणं. कॉम्प्युटरवरचा भार कमी होतो हाही फायदा खराच, पण मला तो दुय्यम वाटतो. उद्या कॉम्प्युटर दहापट वेगवान झाला तरी मी हेच म्हणेन.

आमचा बंगळूरचा मामेभाऊ इंजिनिअर आहे, तो लगेच म्हणाला, "ताई, नऊ ठिकाणी एकाच सेटिंगचा रीव्हर्ब लावला तर उत्तर तेच येणार. मग फरक काय?" बरोबर आहे त्याचं. शाळेत कंस सोडवताना शिकलो तोच नियम: आधी बेरीज करून गुणा नाहीतर आधी गुणून बेरीज करा. रीव्हर्ब या नियमाने चालतो. पण 'एकाच सेटिंगचा' या शब्दांत सगळी गोम आहे. नऊ बटणं समोर असली की हात स्वस्थ बसत नाही. टोरांटो जरा सुकी वाटते, वाढव. दुबई लांब वाटते, खोली बदल. तासाभरात नऊ खोल्या तयार. हौद एकच असला की खोली बदलावीशी वाटली तरी सगळ्यांचीच बदलते, आणि हाताशी राहतो फक्त एक प्रश्न: हिचं किती?

आणि हा 'किती' फार गुणी प्रश्न आहे. मूळ आवाज जास्त आणि घुमारा कमी, तर माणूस जवळ. मूळ कमी आणि घुमारा जास्त, तर लांब. डावं-उजवं ठरवायला पॅन आहेच. म्हणजे दोन बटणांत नऊजणींचा फेर मांडता येतो: नाशिक डावीकडे जवळ, पुणे उजवीकडे जवळ, दोघी-तिघी पलीकडच्या भिंतीशी. दुबईचा आवाज आधीच घुमतो आहे, म्हणून तिची तोटी जवळजवळ बंद. कपाटातल्या टोरांटोची सगळ्यात मोकळी. शेवटी कुणाचंच प्रमाण सारखं नाही, पण भिंती सगळ्यांना त्याच लागतात.

एक गोष्ट इथे वेगळी ठेवायला हवी, नाहीतर कुणीतरी उत्साहाने सगळंच सामाईक करेल. कंप्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबून धरणारा इफेक्ट, कंसाच्या नियमाने चालत नाही. नऊ आवाज एकत्र करून त्यावर एक कंप्रेसर लावला, तर एकीने आरोळी ठोकली की आठजणी दबतात. थोडा असेल तर ते बरंही वाटतं, सगळ्या एका श्वासात गातात असं होतं. पण ते सेंडचं काम नव्हे. त्यासाठी मुख्य धारच एका गटात वळवावी लागते. आणि आजीला मी त्या गटात घेतलेलं नाही. नातींच्या आवाजाने आजी दबायची, हे कसं चालेल?

या मताविरुद्ध बोलण्यासारखंही आहे, ते लपवत नाही. आजच्या पॉप गाण्यात गायकाचा घुमारा मुद्दाम वेगळा ठेवतात, तो त्या आवाजाचा दागिना असतो आणि शोभतोही. एकाच लांबलचक रीव्हर्बमध्ये सगळं ढकललं की पिठलं होतं हेही खरं. त्यावर जुना उपाय आहे: हौदाच्या तोंडाशी गाळणी बसवायची. ॲबी रोडवाले घुमाऱ्याच्या खोलीत पाठवायच्या आवाजातला खालचा जाड भाग आणि वरचा तीक्ष्ण भाग कापून टाकत, म्हणजे शब्द स्पष्ट राहत. आणि ट्रॅक सुटे करून दुसऱ्या कुणाला द्यायचे असतील तर सामाईक घुमारा कुणाच्या फाइलीत घालायचा हा पेच पडतो. तो वेगळा मुद्रित करून द्यावा लागतो. हे सगळं मान्य. तरी जिथे माणसं एकत्र गात आहेत असं भासवायचं आहे, तिथे आधी एक खोली आणि मग लागले तर दागिने, हाच क्रम मला योग्य वाटतो.

आता खऱ्या भांडणाकडे येते.

मामेभावाचं म्हणणं असं, की नऊ आवाजांचं ठीक आहे, पण आजीच्या आवाजात माजघराचा घुमारा आधीच मिसळलेला आहे, त्यात टेपची खरखर. हल्ली अशी सॉफ्टवेअर निघाली आहेत जी आवाजातून खोली काढून टाकतात. ते वापरून आजीचा आवाज आधी कोरडा करून घ्यावा आणि मग दहाही आवाज एखाद्या छानशा देवळाच्या सभामंडपात नेऊन बसवावेत. सभामंडपाचा रीव्हर्ब त्याने शोधूनही ठेवला आहे. दोन मावश्यांना कल्पना फार आवडली. "आजीला देवळात गायला आवडलं असतं," असंही एकीने म्हणून घेतलं.

माझा याला विरोध आहे, आणि तो नुसता भावनेचा नाही.

एक तर ती सॉफ्टवेअर खोली काढताना आवाजाची कडही खातात. दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा, थोडा पाण्याखालचा आवाज होतो. नऊजणींचं एक वेळ पुन्हा रेकॉर्ड करता येईल. आजीचं नाही. मूळ टेपच्या फाइलीला कुणी हात लावणार नाही हे मला माहीत आहे, पण पुढच्या पिढीकडे जे गाणं फिरत राहील ते हेच. त्यांच्यासाठी आजीचा आवाज म्हणजे हा.

दुसरं जास्त महत्त्वाचं. वाईचं ते घर आता नाही. तिथे इमारत उभी आहे. घर असतं तर मी स्वतः जाऊन माजघरात एक फुगा फोडला असता, तो आवाज मुद्रित केला असता आणि त्यावरून ती खोली जशीच्या तशी सॉफ्टवेअरमध्ये आणली असती. आज असं करता येतं, त्याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. पण फुगा फोडायला भिंतीच नाहीत. त्या खोलीचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला आहे: आजीच्या स्वराच्या मागे, त्या कॅसेटवर. शेणाने सारवलेली जमीन, मातीच्या जाड भिंती, डोक्यावर लाकडी पाटई. यातलं काही फोटोतही नीट दिसत नाही, कारण माजघरात कायम अंधार. आणि आपण ती खोली 'दोष' म्हणून पुसून टाकणार?

म्हणून मी उलटं करते आहे. आजीला आमच्या खोलीत आणायचं नाही, आम्ही तिच्या खोलीत जायचं. दोन गाण्यांच्या मधे कुणीतरी पाट जमिनीवर ठेवल्याचा ठक्क असा आवाज टेपवर आहे. त्याच्यामागे कुणी बोलत नाही, त्यामुळे तो कसा विरतो ते स्वच्छ ऐकू येतं. फार पटकन विरतो, अर्धा सेकंदही नाही, आणि वरचे तीक्ष्ण सूर आधी जातात. माती आणि शेण ते पिऊन टाकतात. हेडफोन लावून तो ठक्क मी पुन्हा पुन्हा ऐकते आणि हौदावरचा रीव्हर्ब त्याच्याशी जुळवत बसते. वेळ कमी कर, वरचा भाग काप, खोली लहान कर. आता बऱ्यापैकी जवळ आला आहे. आजीची तोटी पूर्ण बंद, तिला त्याची गरज नाही, ती तिथेच आहे. आमच्या नऊ तोट्या उघड्या.

त्यातून जे ऐकू येतं त्याला भव्य कुणी म्हणणार नाही. खोली लहान आहे, छत खाली आहे, घुमारा असा नाहीच जवळजवळ. सभामंडपाच्या शेजारी ठेवून ऐकलं तर सभामंडपच जास्त मतं घेईल, मला माहीत आहे. पण आजीने ओळ संपवली आणि आम्ही ती उचलली की त्या जागी सांधा कळत नाही. तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

असो. मत सांगून झालं, आता कामाचं. ज्यांचं पुन्हा रेकॉर्ड करायचं आहे त्यांनी एवढं पाळा. फोनमधला इको, हॉल, स्टुडिओ असला कुठलाही इफेक्ट लावू नका. तुम्ही लावलेली खोली मला काढता येत नाही. पंखा बंद. गाद्या, पडदे, कपडे जवळ असतील अशा जागी बसा, टोरांटोच्या कपाटाला मी हसले नाही, ते उत्तम होतं. व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज करून पाठवू नका, त्यात आवाज फार चेपला जातो. फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडा. आणि आजीच्या पुढे जाऊ नका. तिची ओळ पूर्ण होऊ द्या.

सभामंडपवाल्यांसाठी: घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी दोन्ही मिक्स सगळ्यांना पाठवते, कुठलं कुठलं ते न सांगता. आधी डोळे मिटून ऐका, मग भांडा.

ता.क. मामेभावाने वाचून कळवलं आहे, की पाटाचा तो ठक्क त्याच्या बाबांनी केलेला आहे. टेपरेकॉर्डर बघायला पुढे सरकताना पाटाला पाय लागला म्हणे. मामा, तुमचेही आभार.